रेणुकाचं ट्रॅफिक

कंपनीचा पहिला साहेब आमच्या गावात आला तेव्हा पारावर उभा राहून म्हणाला, "तुमच्या शिवारात आता क्लाऊड येणार." शेजारच्यानं त्याचा अर्थ सांगितला, ढग. कारभारी हा आमच्याकडचा मोठा बागायतदार, पण डोक्यानं जरा तापट. त्यानं तिथल्या तिथं विचारलं, "साहेब, कोणत्या महिन्यात येणार ते सांगा, त्या हिशेबानं सरकी लावतो."

ढग आला, पण जमिनीवर आला. बदनापूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून, एक लांबलचक पांढरी इमारत उभी राहिली. तिला खिडकी नाही. एवढी मोठी इमारत आणि खिडकी नाही म्हटल्यावर गावानं ठरवलं की हे कांद्याचं शीतगृह आहे. आत थंडीच तशी. एक वायरमन वैशाखात आत गेला आणि स्वेटर मागायला बाहेर आला, हे मी डोळ्यानं बघितलं आहे. आत मशीनी उभ्या असतात, त्यांना ताप चढतो, तो ताप मोठाल्या पंख्यांनी मागच्या बाजूला फेकतात. कारभारीच्या बायकोनं, नंदाबाईनं, तारेच्या कुंपणाबाहेर त्या वाऱ्याच्या तोंडाला कुरडया टाकल्या होत्या. त्या वाळल्याच, पण एक-दोन तर तळूनच निघाल्या. तुमचा विश्वास बसत नसेल तर नंदाबाईला विचारा. ती नाही म्हणेल, कारण तिला ती जागा कुणाला कळू द्यायची नाही.

तर या इमारतीत आमची रेणुका कामाला लागली.

रेणुका म्हणजे जयवंतावैनीची नात. जयवंतावैनी माझ्या चुलतभावाची बायको, म्हणून मी तिला वैनी म्हणतो आणि ती मला भावजी म्हणते. बाकी गाव मला गोरखनाना म्हणतं. रेणुकाचा बाप सुग्रीव आणि तिची आई दरसाल ऊसतोडीला जातात, त्यामुळं पोर वाढली ती आजीच्या घोंगडीत. आमच्या भावकीत आता मेंढरं राखणारं घर एकच उरलं आहे, ते वैनीचं. सांज झाली की वैनी वाघर लावते. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या ठोकून ती गोल उभी करायची आणि मेंढरं आत कोंडायची. सकाळी जाळीला एका जागी फट पाडायची, की तिथून मेंढरं एकामागं एक बाहेर. वैनी फटीपाशी उभी राहून प्रत्येकीचं तोंड बघते. बघते, मोजत नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, नजर लागते. कुणी पाहुणा बोट दाखवून "एक, दोन" करायला लागला तर वैनी त्याच्या तोंडावर हात ठेवते, मग तो पाहुणा तलाठी का असेना. तरी एखादं मेंढरू मागं राहिलं तर तिला बरोबर कळतं. "ती काळ्या कानाची कुठं गेली?" म्हणून विचारते.

रेणुका हे बघत बघत मोठी झाली आणि जालन्याला डिप्लोमा करून कंपनीत गेली. पहिल्या रविवारी घरी आल्यावर वैनीनं विचारलं, "काय काम देलं गं तुला?"

"ट्रॅफिक बघते, आज्जी."

"बसून का उभ्यानं?"

"बसून. मोठ्या पडद्यावर दिसतं सगळं. कुठं गर्दी झाली, कुठं अडकलं, कुठं काय सांडलं, बराबर दिसतं."

झालं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की जयवंताबाईची नात ट्रॅफिकमध्ये लागली. नागपूरकडून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या ती पडद्यावर बघते आणि तिनं मनात आणलं तर कुणाचीही गाडी अडवते. लोक तिला मान द्यायला लागले. कारभारी तर एकदा जालन्याला मस्तगडच्या भर बाजारातून तिला फोन लावून बसला. "रेणुका, कारभारीकाका बोलतो. माझं ट्रॅक्टर इथं पोलिसानं अडवून ठेवलं बघ. जरा पडद्यावर बघ, दिसून राह्यलो का मी? हात हालवतो."

रेणुका म्हणाली, "काका, ते ट्रॅफिक येगळं, हे येगळं."

"असू दे, असू दे. मोठी झालीस, वळख विसरलीस," म्हणून कारभारीनं फोन ठेवला.

खरं काय ते मला ठाऊक होतं का? थोडं होतं. एकदा एसटीची वाट बघताना तिनंच मला समजावलं होतं. आपण फोनवर काही बघतो, बोलतो, ते सगळं बारीक बारीक पाकिटं करून तारेतून धावतं. तार काचेची, केसासारखी, आणि धावणारा असतो उजेड. त्या पाकिटांची जी ये-जा, ती ट्रॅफिक. आधी तिच्याकडं दहाची लाइन होती, मग शंभराची झाली, आणि आता चारशेची टाकली होती. मी विचारलं, "चारशे काय? मैल?" ती म्हणाली, "गीगा, नाना." मी मान डोलावली. गीगा हे मैलापेक्षा मोठं असावं, कारण नवी लाइन झाल्यावर मी परभणीच्या जावयाला फोनवर रामराम लिहायला घेतला, तर माझं बोट बटणावर पडायच्या आधी त्याचं उत्तर आलं, "रामराम मामा." आता एवढं मला ठाऊक होतं, तर मी गावाला का नाही सांगितलं? मला कुणी विचारलं नाही.

गाळप हंगाम भरात असताना एका रविवारी रेणुका घरी आली ती तोंड उतरवून. मी वैनीच्या अंगणात चहाला टेकलो होतो. वैनी आजारी कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणायला एवढं मोठं तोंड करावं लागत न्हाई."

मग तिनं सांगितलं. पुण्याची एक कंपनी आहे, फोनवर बारके बारके व्हिडिओ दाखवणारी. नाच, विनोद, शेतातल्या गमती. त्यांचा सगळा माल हैदराबादला ठेवलेला असतो. त्यातला मराठी माल त्यांनी काही दिवसांसाठी इथं ठेवून बघितला होता. त्यांच्यासाठीच चारशेची लाइन टाकली होती, तीसुद्धा दोन अंगांनी, दोन वाटांनी. पण लोक तो माल बघतच नव्हते म्हणा, किंवा हैदराबादहून येणारा बघत होते म्हणा. लाइन आपली रिकामी. येत्या गुरुवारी त्यांच्या सुमेधा मॅडम स्वतः येणार होत्या. त्या दिवशी लाइनीवर बरं ट्रॅफिक दिसलं आणि ते न सांडता वाहिलं, तर माल इथं राहणार. नाही दिसलं तर माल परत हैदराबादला, आणि पडद्याची खोलीही त्याच्यामागं तिकडंच.

"मंग तुझं काय?" वैनीनं विचारलं.

"हैदराबादला जा, न्हाई तर घरी बस, म्हणले."

कोकराच्या तोंडातून बाटली सुटली. वैनीनं ती परत नीट धरली. रेणुकाचं नुसतं कामच गेलं असतं तर वैनीनं मनाला लावून घेतलं नसतं. माणसाला काम दुसरं मिळतं. पण पोर लांब जाणार आणि आपण या घरात मेंढरांशी बोलत बसणार, हे तिला दिसलं. ते मलाही दिसलं, म्हणून मी चहाच्या कपात बघत बसलो.

"रस्ता लई चांगला बनवलाय आज्जी," रेणुका म्हणाली, "पर रस्त्यावर गाडीच न्हाई, तर काय दाखवायचं मॅडमला? बनावट ट्रॅफिक सोडून बघितलं आम्ही, तवा लाइन पास झाली. पर मॅडम म्हणत्यात, खोटं नको, खरं ट्रॅफिक दाखवा."

वैनीनं बाटली खाली ठेवली. "किती पाहिजे?"

"काय किती?"

"ट्रॅफिक."

रेणुका हसली, तिला वाटलं आजी समजूत काढते आहे. "जितकं यील तितकं बरं," म्हणाली आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

एसटी वळणाआड जाते न जाते तोच वैनी पारावर. मी मागोमाग. पारावर कारभारी होता, त्याच्या ट्रॅक्टरवरचा मिथुन होता, आणखी पाच-सात टाळकी होती.

वैनी म्हणाली, "गुरुवारी माझ्या पोरीच्या रस्त्यावर ट्रॅफिक पाहिजे. न्हाई आलं तर कंपनी हैदराबादला चालली, पोरीला घेऊन."

कारभारी म्हणाला, "म्हंजी कंपनीच्या म्होरल्या रस्त्यावर? तो तर चालू राहतोच की."

"त्येवढं पुरत न्हाई म्हणली. चारशेचा रस्ता हाय."

"चारशे गाड्या?" मिथुननं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मला अशा गोष्टी ठाऊक असतात असा गावाचा समज आहे. मी एवढंच म्हणालो, की मॅडम दुर्बीण घेऊन येणार आहे. याउपर मी एक शब्द बोललो नाही. दुर्बीण सोन्याच्या दांडीची आहे हे नंतर कुणी तरी वाढवलं असावं.

"गुरुवारी माझ्या चार ट्रॉल्या रिकाम्याच हायेत," कारभारी म्हणाला. "लावून देतो."

"रिकाम्या नको!" वैनी म्हणाली. "खोटं ट्रॅफिक चालत न्हाई. भरलेल्या पाहिजेत."

"अवं, भरलेला ऊस अंकुशनगरला कारखान्यावर न्यायचा का तुमच्या मॅडमला दाखवायचा?"

"दाखवून मंग न्या. कारखाना काय पळून चाललाय? आन् कारभारीभाऊ, मस्तगडातून फोन लावला तवा बराबर आठवण झाली होती माझ्या पोरीची."

कारभारीनं टोपी काढली, झटकली, परत घातली. आमच्याकडं याला होकार म्हणतात.

गुरुवारी सकाळी गाव रस्त्यावर उतरलं. मी अतिशयोक्ती करत नाही, मला ती जमत नाही. पण उसाच्या ट्रॉल्या होत्या, कापसाचा टेम्पो होता, बैलगाड्या होत्या, पाण्याचा टँकर होता, पलीकडच्या गावाला लग्नाला निघालेला बँड वऱ्हाडासकट वाट वाकडी करून आला होता. एक पेरणीयंत्र होतं, ते ढकलत आणलं होतं. नंदाबाई बायकांना घेऊन दोन रिक्षांतून आली आणि रिक्षा इकडून तिकडं फिरवत राहिली. ट्रॅफिक म्हणजे येणंही आलं आणि जाणंही आलं, असं तिचं म्हणणं. आणि या सगळ्याच्या पुढं वैनीची मेंढरं, आणि मेंढरांच्या पुढं जावईबापू.

जावईबापू हा वैनीचा एडका. शिंगं अशी की पिळून ठेवलेलं धोतर. त्याचं नाव जावईबापू पडलं, कारण तो मानपानाशिवाय हलत नाही आणि रुसला की मध्येच बसतो.

थोड्या वेळात रस्ता असा भरला की मुंगीला ओव्हरटेक करता येईना. जालन्याकडून येणारे ट्रक थांबले, संभाजीनगरकडून येणाऱ्या एसट्या थांबल्या. एक हवालदार मोटारसायकलवरून आला, त्यानं शिट्टी फुंकली, बँडवाल्यांना वाटलं सूर देतो आहे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. हवालदार एसटीच्या सावलीत जाऊन बसला. शहाणा माणूस. ऊन कोवळं होतं, ट्रॉलीत ऊस होता, कुणी तरी कांडी मोडून वाटायला लागलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत असं म्हणणार नाही, पण ऊस खाता खाता शिव्या नीट देता येत नाहीत.

या सगळ्याच्या मधोमध एक पांढरी गाडी अडकली. आत एक बाई, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर कॉम्प्युटर, सारखी घड्याळ बघणारी. फाटक तिथून दिसत होतं, पण गाडीला वाट नव्हती, कारण गाडीच्या पुढं जावईबापू उभा होता. गाडीच्या चकचकीत नाकाडात त्याला दुसरा एडका दिसला. यानं मान तिरकी केली, त्यानंही केली. यानं पाय आपटला, त्यानंही आपटला. बराच वेळ एकमेकांकडं बघून झाल्यावर जावईबापूला तो पाहुणा बरा वाटला असावा. तो तिथंच, गाडीच्या पुढ्यात, पाय दुमडून बसला.

वैनी धावत आली. "उठा जावईबापू, उठा! पाहुण्या बाईला उशीर होऊन राह्यला."

जावईबापूनं कान हलवले.

"उसाची कांडी देते. गूळ देते. धोतरजोडी घेते, उठा. आज पोरीच्या नोकरीचा सवाल हाय, आज रुसू नका."

गाडीतल्या बाईनं काच खाली केली, मान बाहेर काढली. ती आधी रागानं काही बोलणार होती. पण वैनीचे जोडलेले हात आणि एडक्याचा तोरा बघून तिचा आवाजच बदलला. तीही हात जोडून म्हणाली, "जावईबापू, प्लीज उठा ना. माझी मीटिंग आहे."

जावईबापूनं सावकाश तिच्याकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं. असं फिरवलं, की पंगतीत तूप न वाढलेला खरा जावईसुद्धा असं फिरवू शकणार नाही.

हे सगळं मिथुन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसून फोनमध्ये घेत होता. त्यानं ते त्या बारक्या व्हिडिओंच्या जागी टाकलं आणि वर लिहिलं, "जावईबापू रुसले." तुंबलेल्या रस्त्यावर माणसाला दुसरं काय काम असतं? पुढच्या एसटीतल्यांनी ते बघितलं, मागच्या एसटीतल्यांना पाठवलं. त्यांनी घरी पाठवलं, घरच्यांनी माहेरी पाठवलं. कुणाचा जावई कुठं, कुणाची सासू कुठं. ज्याला ज्याला जावई आहे त्यानं ते बघितलं, आणि महाराष्ट्रात जावई नाही असं घर कोणतं? आणि गंमत बघा, मिथुननं टाकलेला तो व्हिडिओ टॉवरवरून कुठं कुठं हिंडून शेवटी मुक्कामाला आला तो त्याच खिडकी नसलेल्या इमारतीत, त्याच्या पाठीमागं हाकेच्या अंतरावर. मराठी माल इथंच ठेवायचा होता ना.

आता आतलं. आतलं मला रेणुकानं सांगितलं, आणि तिनं सांगताना जे गाळलं ते मी भरलं.

सकाळपासून ती पडद्यापुढं बसून होती. पडद्यावर ट्रॅफिकची रेघ असते. जास्त झालं की वर चढते. ती सकाळपासून मेलेल्या धामणीसारखी सरळ पडली होती. शेजारी तिचे वरचे साहेब कल्याण सर येरझारा घालत होते. मॅडम का आल्या नाहीत म्हणून फाटकावर फोन केला, तर वॉचमन म्हणाला, "सर, बाहेर लई ट्रॅफिक हाय."

सर करवादले, "आत नाही आणि बाहेर आहे!"

तेवढ्यात रेघ हलली. मान उचलली, खाली ठेवली, परत उचलली. रेणुकाला आधी वाटलं यंत्रात काही बिघाड असेल. तिच्याकडं बघायचं जे साधन होतं ते मोठं हुशार. पाकीट उघडत नाही, आत काय लिहिलं ते वाचत नाही, फक्त जाता जाता तोंड बघून सांगतं, हे कुठून आलं, कुठं चाललं, वाटेत किती रखडलं. तिनं तोंडं बघितली. परभणी, सांगली, नाशिक, पुणे, पार मुंबई. खरी माणसं. बनावट ट्रॅफिकची तोंडं एका साच्यातली असतात, ही वेगवेगळी होती.

"सर, आलं," ती म्हणाली.

आलं ते थांबेना. रेघ चढत गेली, आणि जरा वेळानं पडद्याचा एक कोपरा लाल झाला. लाइनीला दोन वाटा होत्या, पण सगळी पाकिटं एकाच वाटेनं घुसत होती. दुसरी वाट मोकळी पडली होती आणि पहिल्या वाटेच्या तोंडाशी पाकिटं सांडायला लागली होती. लोकांच्या फोनवर जावईबापू मध्येच अडकून गोल गोल चकरी फिरत असणार.

कल्याण सर म्हणाले, "थांब. पुण्याला विचारतो. परवानगीशिवाय हात लावू नको." आणि ते फोन लावून बसले. फोन लागेना. लाइन तुंबली होती.

रेणुकाला, ती म्हणते, त्या लाल कोपऱ्यात सकाळची वाघर दिसली. फट पाडली की पहिलं मेंढरू जाईल तिथूनच सगळी घुसतात. कळप मोठा असला की खुंटीपाशी चेंगरतात, आणि त्यात कोकरं दबतात. वैनी अशा वेळी ओरडत नाही, कुणाला मारत नाही. ती मुकाट्यानं पलीकडच्या बाजूची खुंटी उपटते, दुसरी फट पाडते आणि तिथं उभी राहून साद घालते. अर्धा कळप आपोआप वळतो. सगळा कळप वळवायचा नसतो, नाही तर तिकडं चेंगराचेंगरी.

"सर, तवर कोकरं चेंगरतील," ती म्हणाली. घरचीच भाषा तोंडातून गेली.

"काय चेंगरतील?"

 तिनं दुसरी वाट उघडली आणि निम्मी पाकिटं तिकडं लावून दिली. हे चुकलं असतं तर हैदराबादसुद्धा नव्हतं, सरळ घर होतं. तिनं हात मांडीखाली दाबून धरले आणि पडद्याकडं बघत राहिली. लाल कोपरा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा झाला. सांडणं थांबलं. रेघ मात्र चढतच होती, आता शांतपणे, दोन्ही वाटांनी.

मग तिनं बघितलं की एवढे लोक बघतात तरी काय. व्हिडिओवाल्यांच्या यादीत सगळ्यात वर एकच होता. तिनं तो लावला. पडद्यावर तिची आजी, हात जोडून उभी. "आज पोरीच्या नोकरीचा सवाल हाय, आज रुसू नका."

कल्याण सर फोन कानाला लावूनच म्हणाले, "ही कोण म्हातारी?"

रेणुकानं व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

तासाभरानं सुमेधा मॅडम पायी आत आल्या. चपलेला लेंड्या, हातात उसाची कांडी. त्यांच्यामागं वैनी, वैनीच्या मागं मी, माझ्या मागं अर्धं गाव. पण वॉचमननं अर्ध्या गावाला फाटकावर अडवलं. आम्हा दोघांना मॅडमनीच आत आणलं. वैनीनं मेंढरं कारभारीच्या स्वाधीन केली होती. बागायतदार माणूस हातात काठी घेऊन रस्त्यावर "हुर्रर, हुर्रर" करत होता, हे बघायला मी एक वेळ जेवण सोडीन.

आत गेल्यावर वैनीनं पदर अंगाभोवती आवळला. "अगं माय, काय गारठा! एवढी थंडी, आन् पोरगी घोंगडी नेत न्हाई." मग मॅडमकडं वळून विचारलं, "बाई, झालं का बराबर? पुरलं का ट्रॅफिक? अजून पाहिजे असंल तर पाचोडकडं माझा भाचा हाय. त्येच्याकडं उंटबी हायेत."

मॅडमनी रेणुकाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, परत वैनीकडं बघितलं. माणूस हुशार असला की त्याला लवकर कळतं. चष्मा काढून त्यांनी हळूच विचारलं, "रेणुका, हे तुम्ही घडवून आणलंत?"

खोलीत मशीनींचा घूं-घूं आवाज चालू होता. तिच्या जागी मी असतो तर हो म्हणालो असतो, आणि वरून हे जुळवायला सहा महिने लागले असंही सांगितलं असतं. पण ती वैनीची नात.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मी रस्त्यावर गाड्या न्हाईत म्हणले, तर घरच्यांना खरोखरचा रस्ता वाटला. त्यांनी बाहेर ट्रॅफिक केलं, आन् त्याच्यामुळं आत झालं. परवानगी न घेता दुसरी वाट मात्र मी उघडली. ती माझी चूक धरा."

वैनी माझ्याकडं वळली. "भावजी, हे काय म्हणून राह्यली? हे ट्रॅफिक न्हाई का?"

"हे पण ट्रॅफिकच हाय वैनी," मी म्हणालो. "फक्त ह्याला चाकं न्हाईत."

रेणुकानं आजीला पडद्यापुढं बसवलं. ही लाइन म्हणजे वाघरीची फट, ही पाकिटं म्हणजे मेंढरं, मी फटीपाशी बसून तोंडं बघते. एक जागा दाटली म्हणून दुसरी फट पाडली, एवढंच. वैनी पडद्याजवळ वाकली.

"मंग एवढ्यासाठी जालन्याला कामून शिकायला गेली? मी घरीच शिकवलं असतं," ती म्हणाली. पण म्हणताना तिनं रेणुकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

मॅडम हसत नव्हत्या. त्या पडद्यावर काही तरी शोधत होत्या. "माल इथं राहिला तर रोज एडका रुसणार नाही," त्या म्हणाल्या. "आजचं आज झालं. पण उद्या एखादा व्हिडिओ असाच पेटला, तर फोन न लागता वाट उघडणारं माणूस मला लाइनीवर पाहिजे. हैदराबादला आमच्याकडं तीन आहेत. इथं एक दिसलं." मग कल्याण सरांकडं बघून, "खोली हलवू नका. माल इथं राहू दे."

कल्याण सरांच्या कानाला अजून फोन होता. तो तेवढ्यात लागला. पलीकडून "हॅलो, हॅलो" येत होतं. सरांनी तो ठेवून दिला.

वैनीला सगळं कळलं नाही, पण "इथं राहू दे" कळलं. ती उठली, तिनं पडद्याला नमस्कार केला, मग मॅडमला.

मॅडमनी कॉम्प्युटर उघडला. "रेणुका, रिपोर्टमध्ये लिहायला लागेल. आज सगळ्यात वर कितीपर्यंत गेलं? चारशेपैकी किती?"

रेणुकानं पडद्याकडं बघून तोंड उघडलं. "मॅडम, तीनशे..."

वैनीचा हात तिच्या तोंडावर बसला.

"मोजू नको," वैनी म्हणाली. "आज पहिलाच दिस हाय. नजर लागंल."

 मॅडमनी कॉम्प्युटर मिटला आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही गेल्यावर विचारते."

विचारलं असणार. पण तोवर आम्ही दोघं बाहेर आलो होतो, कारण जावईबापू उठला होता आणि कारभारीच्या मागं लागला होता. पुढं मी रेणुकाला पुष्कळदा विचारलं, एसटी स्टँडवर विचारलं, लग्नात विचारलं, गूळ देऊन विचारलं. ती हसते आणि आपला हात आपल्याच तोंडावर ठेवते. त्यामुळं त्या दिवशी लाइन कितीपर्यंत गेली हा एवढाच आकडा मला ठाऊक नाही, नाही तर मी तुम्हाला तो दुप्पट करून सांगितला असता.